वाकडा पाय, सरळ केलेला खूर

घोडा कुमैत, खच्ची केलेला, वय 7 वर्षं, वजन अंदाजे 450 किलो. काम रोजच्या रपेटीचं, अधूनमधून लहान उड्या. तक्रार अशी की चार महिन्यांपासून पुढच्या पायाने लंगडतो, आठवडाभर उभा ठेवला की बरा वाटतो, कामाला लावला की दोन-तीन दिवसांत पुन्हा तेच.

मालकीणबाईंनी फोनवरच निदान सांगून टाकलं होतं. "डावा पाय आहे डॉक्टर. गुडघ्याखाली आतल्या बाजूला गाठ आहे, तीच दुखत असणार. शिवाय दोन्ही खूर आत वळलेले आहेत. ते सरळ करून घ्यायचं काम चालूच आहे, पण तोवर गाठीचं काहीतरी करा."

या चार वाक्यांत या प्रकरणाचं सगळं सार होतं, पण ते मला नंतर कळलं. गाठ खरी होती, वाकडेपणाही खरा होता. दुखत मात्र होतं तिसरंच काहीतरी.

कुठला पाय?

मी आधी घोडा चालवून आणि दुडकीवर पळवून पाहते, हात नंतर लावते. सरळ रेषेत दुडकीवर लंगडणं पुसट होतं. कडक जमिनीवर उजवीकडे गोल फिरवला तेव्हा ते स्पष्ट झालं. डावा पाय टेकला की मान खाली जायची, उजवा टेकला की वर यायची.

मालकीणबाई लगेच म्हणाल्या, "बघा, डाव्यावरच मान टाकतोय." ही चूक इतकी सर्रास होते की ती इथे नीट उलगडून सांगते. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकायच्या क्षणी घोडा डोकं वर उचलतो, म्हणजे त्या पायावरचा भार हलका होतो. चांगला पाय टेकला की डोकं खाली येतं. मान ज्या पायावर पडते तो चांगला, मान ज्या पायावर उचलली जाते तो दुखरा. म्हणजे लंगडणारा पाय उजवा होता. 0 ते 5 या मापावर मी त्याला 2 दिले: सरळ रेषेत संशयापुरता, उजव्या गोलावर दर वेळी दिसणारा.

डाव्या पायाची गाठही तपासली, कारण नुसतं "ती नाही" म्हणून समाधान होत नाही. नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या आतल्या बाजूला, गुडघ्यापासून चार बोटं खाली, सुपारीएवढी टणक गाठ. पाय उचलून अंगठ्याने जोरात दाबली तरी घोडा कान हलवीना. हाताला गरम लागत नव्हती, सूज नव्हती. तिच्या मागून जाणारा सस्पेन्सरी लिगामेंट, म्हणजे खालच्या सांध्याला तोलून धरणारा चिवट पट्टा, बोटांनी वेगळा धरता येत होता, गाठ त्याला घासत नव्हती. हा जुना, थंड झालेला स्प्लिंट. खात्रीसाठी एक एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नव्हतं, कडा गुळगुळीत होत्या.

तो तिथेच का आला, याचं उत्तर पायाच्या ठेवणीत होतं. या घोड्याची डावी नळी गुडघ्याच्या बरोबर मधोमध बसलेली नाही, ती जराशी बाहेर सरकलेली आहे. समोरून पाहिलं तर वरच्या हाडाची रेघ आणि नळीची रेघ एकमेकींना जुळत नाहीत, मध्ये पायरी असल्यासारखी दिसते. याला ऑफसेट किंवा बेंच नी म्हणतात. नळीच्या दोन्ही अंगांना स्प्लिंट बोन नावाची दोन बारीक हाडं असतात. त्यातलं आतलं हाड एरवीही गुडघ्याचा भार बाहेरच्यापेक्षा जास्त पेलतं, आणि नळी बाहेर सरकली की त्याच्या वाट्याचा भार आणखी वाढतो. कोवळ्या वयात ते हाड मोठ्या नळीला लिगामेंटने बांधलेलं असतं. काम वाढलं की तिथे ताण येतो, हाडावरचं आवरण सुजतं आणि शरीर तिथे नवं हाड भरतं. गाठ दिसायला वाईट, पण पुष्कळदा ती लढाई संपल्याची खूण असते. या घोड्याच्या बाबतीत ती लढाई दोन-तीन वर्षांपूर्वीच संपली होती.

उभा घोडा

पायाची ठेवण बघायची तर घोडा सपाट जमिनीवर, चारही पायांवर सारखा भार देऊन उभा हवा. मग समोरून पाहायचं: खांद्याच्या टोकापासून सोडलेली ओळंब्याची दोरी गुडघा, नळी, फेटलॉक (नळीखालचा सांधा) आणि खूर या सगळ्यांना बरोबर मधोमध दुभागून गेली पाहिजे. या घोड्याचे दोन्ही पाय छातीपाशी रुंद आणि खाली येता येता जवळ आलेले, म्हणजे बुडाशी अरुंद. खूर दोन्हीकडे आत वळलेले, उजवा जास्त.

इथे बरेच जण "खूर आत वळलाय" एवढ्यावर थांबतात. पण वळलाय कुठून, हा खरा प्रश्न. त्यासाठी घोड्याच्या छातीसमोर उभं राहू नका, एकेका गुडघ्यासमोर उभं राहा. गुडघाच आत बघत असेल तर अख्खा पाय खांद्यापासून फिरलेला आहे. अशा पायात सांधे एकमेकांशी जुळलेले असतात, फक्त सगळे मिळून एका दिशेला वळलेले असतात. गुडघा सरळ समोर बघतोय आणि खूर तेवढा आत, तर वाक खाली कुठेतरी आहे, बहुधा फेटलॉकपाशी. मग एका सांध्याच्या एका बाजूवर दाब आणि दुसऱ्या बाजूवर ओढ येते. दिसायला दोन्ही सारखेच, पण परिणाम फार वेगळे. आमच्या घोड्याचा डावा पाय मुख्यतः पहिल्या प्रकारचा होता, उजवा दुसऱ्या.

बाकी ठेवण चांगली होती, हेही नोंदवायला हवं. बाजूने पाहिल्यावर गुडघा मागे झुकलेला नाही, पेस्टर्न, म्हणजे फेटलॉक आणि खूर यांमधला भाग, फार लांब नाही की फार उभा नाही, मागच्या पायांचे हॉक, म्हणजे मधले सांधे, नीट. मी ही यादी मुद्दाम करते, कारण आत वळलेला खूर डोळ्यांत भरतो आणि त्या नादात माणूस गंभीर दोष शोधायचं विसरतो.

मग खूर हातात घेतला. उजव्या खुराच्या वरच्या कडेला, जिथे केस संपून शिंगासारखा भाग सुरू होतो, ती रेघ जमिनीला समांतर हवी. इथे ती बाहेरच्या बाजूला वर ढकलल्यासारखी दिसत होती. खुरावरच्या वाढीच्या वलयांमधलं अंतर आतल्या बाजूला मोकळं, बाहेर दाटलेलं. पाय उचलून मागून पाहिलं तर टाचेचे दोन गोळे एका पातळीत नाहीत, बाहेरचा वर सरकलेला. दोन्ही अंगठ्यांनी ते गोळे धरून हलवले तर एकमेकांवर घसरत होते. नळीला पट्टी लावून काटकोनात मोजलं, तेव्हा टाचेपाशी आतली भिंत बाहेरच्यापेक्षा सुमारे 6 मिलिमीटर बुटकी निघाली.

मोतद्दाराने जुने नाल फेकले नव्हते, तबेल्याच्या भिंतीवर क्रमाने अडकवून ठेवले होते. मला त्याचे फार आभार मानावेसे वाटले. नाल ही घोड्याची रोजनिशी असते. सर्वांत जुन्या उजव्या नालाची झीज बाहेरच्या बाजूला, अंगठ्याच्या, म्हणजे खुराच्या पुढच्या टोकाच्या, जराशी मागे होती. आत वळलेल्या, बुडाशी अरुंद पायाची ती नेहमीची झीज. शेवटच्या तीन नालांत ती बाहेरच्या फांदीवर, म्हणजे नालाच्या बाहेरच्या बाजूच्या पट्टीवर, मागे टाचेपर्यंत पसरत गेली होती, आणि तिसऱ्यात त्या फांदीची जाडी जवळजवळ निम्मी उरली होती.

"सरळ करायचं काम" म्हणजे काय चाललं होतं, ते आता समजलं. मालकीणबाईंना कुणीतरी सांगितलं होतं की खूर असाच आत राहिला तर सांधे जातील. म्हणून दर वेळी नाल बदलताना आतली भिंत थोडी जास्त कानसायची, म्हणजे खूर बाहेर वळेल. नालबंद अनुभवी होते. मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "मला मनातून पटत नव्हतं, पण समोरून उभा पाहिला की खरंच सरळ दिसायचा." त्यांच्या प्रामाणिकपणामुळेच पुढचा उपाय सोपा गेला. आणि ते म्हणत होते ते खरंही होतं. उभा घोडा सरळ दिसत होता.

सुन्न करून पाहणं

अंदाज बरोबर वाटला तरी तो सिद्ध करावा लागतो. उजव्या पायाच्या टाचेकडच्या नसांना भूल दिली. दहा मिनिटांनी उजव्या गोलावर लंगडणं बरंच कमी झालं. मग डावीकडे फिरवला, तर डाव्या पायाची किंचित कुरकुर दिसली. डाव्या खुरावरही तीच कानस चालली होती, फक्त कमी. डाव्याला तिथेच, खाली भूल दिली आणि तीही गेली. म्हणजे मालकीणबाईंचा डाव्या पायाबद्दलचा संशय अगदीच निराधार नव्हता. पण भूल गाठीच्या पुष्कळ खाली दिलेली असताना दुखणं थांबलं, याचा अर्थ गाठ या भानगडीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजव्या कॉफिन जॉइंटमध्ये, म्हणजे खुराच्या आत दडलेल्या शेवटच्या सांध्यात, थोडी भूल दिली. पाच-सात मिनिटांत घोडा स्वच्छ पळायला लागला.

एक्स-रेसाठी दोन्ही पुढचे पाय सारख्या उंचीच्या ठोकळ्यांवर ठेवले. एका पायावर जास्त भार असला तर सांध्यातली फट चुकीची दिसते, म्हणून हा आग्रह. उजव्या कॉफिन जॉइंटची फट आतल्या बाजूला उघडलेली आणि बाहेर चिमटलेली. बाहेरच्या बाजूच्या कूर्चेत हाड भरायला नुकती सुरुवात, म्हणजे साइडबोन. सांधेदुखीची खडबडीत कड अजून आलेली नव्हती. खुराच्या वर सोनोग्राफीत जेवढा दिसतो तेवढ्या भागात आतला कोलॅटरल लिगामेंट, म्हणजे सांध्याला कडेने बांधून ठेवणारा पट्टा, किंचित जाड झालेला. खुराच्या आतला त्याचा भाग पाहायला एमआरआय लागतो. तो केला नाही, कारण उपाय दोन्ही परिस्थितींत तोच राहणार होता.

नेमकं बिघडलं कसं

घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू नसतात. हाडं, कंडरा, लिगामेंट आणि खाली खूर, एवढ्यावर सगळा कारभार. उभ्या घोड्याचा साधारण 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो, आणि भरधाव धावताना एकेका पुढच्या पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. इतक्या भाराखाली सांधा एका बाजूला 6 मिलिमीटरच्या पाचरीवर उभा आहे, असं डोळ्यांपुढे आणा.

बुडाशी अरुंद पाय आधी खुराच्या बाहेरच्या कडेवर टेकतो, मग आतली बाजू खाली येते. मोबाइलवर सेकंदाला 240 चित्रं घेऊन पाहिलं तर ही दोन पायऱ्यांची टेकण डोळ्यांना स्पष्ट दिसते. आतली भिंत कापल्यावर दुसऱ्या पायरीची घसरण मोठी झाली. दर पावलाला बाहेरची कड आदळायची आणि मग खूर आत कलंडायचा. कॉफिन जॉइंट बिजागरीसारखा पुढे-मागे चालण्यासाठी घडलेला आहे, कडेला झुकणं आणि पीळ खाणं त्याला फार थोडं जमतं. बाहेरची बाजू उंच राहिली म्हणून तिथे चिमटा बसला, आतला लिगामेंट ताणला गेला. लहान गोलावर, कडक जमिनीवर हा पीळ सर्वांत जास्त, म्हणून दुखणं तिथेच दिसलं.

सात वर्षांच्या घोड्याची हाडं वळवता येत नाहीत, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. वाक सुधारायची संधी शिंगरूपणी असते आणि ती फार छोटी असते. फेटलॉकजवळच्या वाढीच्या पट्टीचा, म्हणजे हाड जिथून लांब होतं त्या भागाचा, जोर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ओसरतो. गुडघ्यावरच्या पट्टीला जास्त वेळ मिळतो, ती पूर्ण बंद व्हायला दोन ते अडीच वर्षं लागतात, पण उपयोगाची वाढ त्याच्या पुष्कळ आधी होऊन गेलेली असते. त्या काळात खुराचा तोल राखणं, नालाला एका बाजूने जोड देणं किंवा वाढीची एक बाजू स्क्रूने काही दिवस रोखून धरणं, यांनी खरोखर पाय सरळ होतो. पट्टी बंद झाल्यावर तुम्ही खूर कापून जे "सरळ" करता ते फक्त शेवटचं हाड असतं. वरचा वाक जागेवरच राहतो आणि मधला सांधा दोघांच्या ओढाताणीत सापडतो.

या घोड्याचा पाय वाकडा होता, तरी सात वर्षं तो त्याच पायावर न लंगडता चालला. त्याच्या हाडांनी, लिगामेंटांनी आणि खुराच्या आकाराने त्या वाकड्या भाराशी जुळवून घेतलं होतं. ते जुळवून घेणंच आपण कानस लावून मोडलं.

उपाय

सांध्यात स्टेरॉइड दिलं असतं तर दोन दिवसांत घोडा छान चालला असता आणि त्याच पाचरीवर पुन्हा पळाला असता. म्हणून आधी खूर. सूज उतरण्यापुरतं पाच दिवस फेनिलब्युटाझोन, कामाला पूर्ण सुट्टी आणि दिवसातून दोनदा हातात धरून सरळ रेषेत चालवणं.

नालबंदांबरोबर बसून ठरवलं की बाहेरची भिंत एकदम 6 मिलिमीटर उतरवायची नाही. बिघडायला तीन फेऱ्या लागल्या होत्या. दुरुस्तीही एका झटक्यात केली तर लिगामेंटला तो नवा धक्का. पहिल्या वेळी बाहेरून 2 मिलिमीटर, आतली भिंत अजिबात नाही. तेवढ्यानेही वरची रेघ पुढच्या महिन्यात किंचित खाली आली. पुढच्या दोन फेऱ्यांत उरलेलं. खूर महिन्याला जेमतेम 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, तेव्हा घाई करून मिळणार काहीच नव्हतं. फेऱ्या दर पाच आठवड्यांनी, एक दिवसही पुढे ढकलायची नाही.

नाल ठोकताना दोन गोष्टी केल्या. बाहेरची फांदी खुराच्या कडेपेक्षा तीन-चार मिलिमीटर रुंद ठेवली, टाचेपर्यंत, कारण वरून येणारा भार तिकडेच पडत होता आणि त्याच्याखाली आधार हवा होता. आणि नालाची पुढची कड एकाच जागी न गोलावता जुन्या नालांवर जिथे झीज होती तिथपर्यंत, म्हणजे मधल्यापासून बाहेरच्या बाजूला गोल केली. घोड्याला पाय उचलताना जिथून लोळवायचाय तिथून लोळवू द्यायचा. खूर आत वळलेलाच दिसणार, हे मालकीणबाईंना आधीच सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी चार महिने त्याला त्रास दिला." मी म्हटलं की तुम्ही त्याच्या काळजीने केलंत. आणि ते खरंच आहे. हा गैरसमज पुष्कळ जाणत्या माणसांतही आहे.

सहा आठवड्यांनी सरळ रेषेत दुडकी स्वच्छ. तीन महिन्यांनी उजव्या गोलावर मऊ जमिनीवर काही नाही, कडक जमिनीवर संशयापुरतं. तेव्हा स्वार घेऊन चालणं सुरू केलं, मग लांब सरळ दुडकी. लहान गोल, लंज करणं (लांब दोरीवर गोल फिरवणं) आणि कडक रस्त्यावर वेग, हे पूर्ण बंद. सहा महिन्यांनी पुन्हा ठोकळ्यांवर एक्स-रे: सांध्याची फट दोन्ही बाजूंना जवळपास सारखी, साइडबोन होतं तेवढंच.

खरेदीच्या वेळी मी काय म्हटलं असतं

मालकीणबाईंनी नंतर विचारलं की घोडा घेताना मला बोलावलं असतं तर मी नको म्हटलं असतं का. नाही. मध्यम रपेटीसाठी हा घोडा मी बिनदिक्कत घ्यायला सांगितला असता, पाच आठवड्यांची नालबंदी नीट पाळायच्या अटीवर. सगळे दोष एका तराजूत तोलता येत नाहीत. वेगाच्या कामाला घोडा हवा असेल आणि बाजूने पाहताना गुडघा मागे झुकलेला दिसला, तर मला जास्त भीती वाटते. भरधाव धावताना असा गुडघा मागे मोडल्यासारखा ताणला जातो आणि पुढच्या कडेवरच्या हाडांचे टवके उडतात. मागचा पाय खांबासारखा उभा असेल तर तिथल्या सस्पेन्सरीची काळजी. हॉक विळ्यासारखा वाकलेला असेल तर त्याच्या मागच्या ताणाची. उलट काही "दोष" तर दोषच नसतात. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांवर 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघा जरासा आत झुकलेल्या घोड्यांत गुडघ्याची हाडं मोडण्याची शक्यता कमी आढळली, तर लांब पेस्टर्नच्या घोड्यांत पुढच्या पायाचं हाड मोडण्याची शक्यता वाढलेली दिसली. आपण समोर उभं राहून नाक मुरडतो ते पहिल्याला पाहून. दुसऱ्याला आपण "डौलदार" म्हणतो.

म्हणून मी ठेवण पाहताना चार गोष्टी एकत्र धरते: दोष कुठल्या सांध्यात आहे, घोड्याकडून काम काय घ्यायचंय, वय काय, आणि त्या पायावर तो आजवर किती काम करून आलाय. शेवटच्या गोष्टीला मी सर्वांत जास्त वजन देते. तीन वर्षांचं, कधी न पळालेलं, सरळ पायाचं जनावर अजून परीक्षेला बसलेलं नसतं. सात वर्षांचा वाकड्या पायाचा घोडा बऱ्याच परीक्षा देऊन आलेला असतो.

आठव्या महिन्यात मी त्याला शेवटचं तपासलं. स्वार चढलेला, मऊ मैदानावर दोन्ही बाजूंना मोठे गोल, मग थोडी कडक जमीन. मान कुठल्याच पायावर उचलली जात नव्हती. पुढून पाहिलं तर उजवा पाय हवेत बाहेरून वळसा घेऊनच पुढे येतो, पहिल्यासारखाच. डाव्या नळीवरची गाठ जागेवर आहे. पाय उचलून टाचेचे गोळे अंगठ्यांनी हलवून पाहिले, आता घसरत नाहीत. मोतद्दाराने नवा काढलेला नाल आणून दिला. झीज बाहेरच्या बाजूला, अंगठ्याच्या जराशी मागे. त्याने तो भिंतीवर पहिल्या नालाशेजारी अडकवला.